तंजावरची सायकलफेरी

तंजावर पाहावे ते वाटाड्याच्या मागून, सायकलीवर बसून. इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या राजराज चोळाच्या बृहदीश्वर मंदिरापासून भोसल्यांच्या राजवाड्यापर्यंतची वाट अर्ध्या घटकेचीही नाही. इतिहासात मात्र तीच साडेसहा शतकांहून लांब आहे. पण सायकल खरी थांबवावी मंदिराच्या आवारातील भिंतीपाशी. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तेथे भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. त्यापूर्वी चारच वर्षे, १७९९ च्या तहाने, राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला होता. हाती सत्ता उरली नाही, तेव्हा राजाने आपल्या घराण्याची स्मृती चोळांच्या पाषाणाला सोपविली. १८५५ मध्ये राज्याचे नावही लोपले. अक्षरे मात्र टिकली. श्रोतेहो, ती उभ्याने, सावकाश वाचावीत.