आंद्रेआस ग्रानक्विस्ट

आंद्रेआस ग्रानक्विस्ट (जन्म : १६ एप्रिल, १९८५, हेल्सिंगबोर्ग, स्वीडन) हे स्वीडनचे निवृत्त व्यावसायिक फुटबॉलपटू आणि राष्ट्रीय संघाचे माजी कर्णधार आहेत. मध्यवर्ती बचावपटू म्हणून त्यांनी स्वीडनतर्फे ८८ आंतरराष्ट्रीय सामने खेळले व ९ गोल केले. २०१८ च्या विश्वचषकात त्यांच्या नेतृत्वाखाली स्वीडनने उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९९४ नंतर स्वीडिश संघ तेथवर प्रथमच पोहोचला होता.

स्वीडिश भाषेत 'ग्रान' म्हणजे स्प्रूस वृक्ष आणि 'क्विस्ट' म्हणजे डहाळी. चाहते त्यांना 'ग्रानेन', म्हणजे 'तो स्प्रूस वृक्ष', या टोपणनावाने ओळखतात. सहा फुटांहून अधिक उंचीच्या आणि जागेवरून सहसा न हलणाऱ्या या बचावपटूला ते शोभूनही दिसते.

== क्लब कारकीर्द ==

ग्रानक्विस्ट यांच्या कारकिर्दीची सुरुवात जन्मगावच्या हेल्सिंगबोर्ग आयएफ या क्लबातून झाली. २००६ मध्ये या क्लबाने स्वीडिश चषक जिंकला. २००७ च्या आरंभी ते इंग्लंडमधील विगन ॲथलेटिककडे उसनवारीच्या करारावर गेले व पुढे त्याच क्लबात कायम झाले. मात्र प्रीमियर लीगमध्ये त्यांचा जम बसला नाही. २००८ मध्ये ते नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन क्लबात दाखल झाले. तेथील तीन वर्षांत त्यांचा खेळ बहरला आणि बचावपटू असूनही गोल करणारा खेळाडू असा त्यांचा लौकिक झाला. त्यानंतर दोन वर्षे इटलीतील जेनोआ आणि २०१३ पासून पाच वर्षे रशियातील क्रास्नोदार असा त्यांचा प्रवास झाला.

== राष्ट्रीय संघ ==

ग्रानक्विस्ट यांनी २००६ मध्ये राष्ट्रीय संघात पदार्पण केले. ते युरो २०१२ व युरो २०१६ या स्पर्धांत खेळले. दोन्ही वेळा स्वीडनचे आव्हान गटसाखळीतच संपले. २०१६ च्या स्पर्धेनंतर झ्लाटन इब्राहिमोविच आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाले. संघाचे बहुतेक गोल ज्याच्या पायातून येत असा खेळाडू गेल्यावर संघाचे काय होणार, हा प्रश्न तेव्हा स्वाभाविक होता. नवे प्रशिक्षक यान्ने आंदेर्सोन यांनी कर्णधारपद ग्रानक्विस्ट यांच्याकडे सोपवले आणि संघाची उभारणी आक्रमणापेक्षा शिस्तबद्ध बचावावर केली.

या पद्धतीची कसोटी नोव्हेंबर २०१७ मध्ये लागली. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्वीडनची गाठ चार वेळच्या विश्वविजेत्या इटलीशी पडली. सोल्ना येथील पहिला सामना स्वीडनने १-० असा जिंकला. मिलानमधील परतीच्या सामन्यात इटलीने संपूर्ण वेळ हल्ले केले, परंतु स्वीडनची बचावफळी फुटली नाही; सामना ०-० असा सुटला. १९५८ नंतर प्रथमच इटली विश्वचषकाला मुकली. योगायोग असा की १९५८ च्या त्या स्पर्धेचे यजमान स्वीडनच होते.

त्याच वर्षी ग्रानक्विस्ट यांना स्वीडनमधील सर्वोत्तम फुटबॉलपटूस दिला जाणारा 'गुल्डबोलेन' (सुवर्णचेंडू) पुरस्कार मिळाला. त्यापूर्वीची सलग दहा वर्षे हा मान इब्राहिमोविच यांच्याकडे होता.

=== २०१८ चा विश्वचषक ===

रशियातील या स्पर्धेत स्वीडनने पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १-० असे हरवले. हा एकमेव गोल ग्रानक्विस्ट यांनी पेनल्टीवर केला. पंचांनी ती चित्रफीत पाहून बहाल केली होती. जर्मनीविरुद्ध जादा वेळेतील गोलामुळे १-२ असा पराभव पत्करावा लागल्यावर मेक्सिकोविरुद्धचा सामना निर्णायक ठरला. तो स्वीडनने ३-० असा जिंकला आणि त्यातील दुसरा गोल पुन्हा ग्रानक्विस्ट यांच्या पेनल्टीचा होता. गतविजेता जर्मनी बाहेर पडला, स्वीडन गटात पहिला आला. पुढे स्वित्झर्लंडवर १-० असा विजय मिळाला, पण समारा येथे इंग्लंडने स्वीडनला २-० असे नमवले. स्पर्धा चालू असतानाच ग्रानक्विस्ट यांना कन्यारत्न झाले. ते मात्र संघासोबत रशियातच राहिले.

== हेल्सिंगबोर्गमध्ये पुनरागमन ==

२०१६ च्या हंगामाअखेर हेल्सिंगबोर्गची द्वितीय श्रेणीत घसरण झाली होती. विश्वचषकातील कामगिरीनंतर एखाद्या मोठ्या क्लबात जाण्याऐवजी ग्रानक्विस्ट ठरल्याप्रमाणे याच क्लबात परतले. २०१८ मध्ये क्लबाने द्वितीय श्रेणीचे विजेतेपद मिळवून प्रथम श्रेणी पुन्हा गाठली. तथापि २०२० मध्ये त्याची पुन्हा घसरण झाली. अखेरच्या वर्षांत ग्रानक्विस्ट दुखापतींनी त्रस्त होते. लांबणीवर पडून २०२१ मध्ये झालेल्या युरो २०२० स्पर्धेसाठी वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांची संघात निवड झाली. त्याच वर्षी त्यांनी निवृत्ती स्वीकारली.