विश्लेषण : करार संपला, स्टार गेला! मग फुटबॉल क्लब त्याची जागा भरतो कशी?

टेनिस बॉलच्या स्पर्धा तोंडावर आल्या आणि गावच्या संघाचा हुकमी ओपनर नोकरीसाठी पुण्याला निघून गेला, तर काय धावपळ होते हे तीर्थपुरीतल्या पोरांना वेगळं सांगायला नको. कुणी म्हणतं, शेजारच्या गावातून खेळाडू आणू. कुणी म्हणतं, आपल्यातल्याच धाकट्याला वर पाठवू. कुणी म्हणतं, आता फलंदाजीचं सोडा, बॉलिंगवर सामने काढू.

व्यावसायिक फुटबॉल क्लबांसमोर हाच प्रश्न जवळपास दर उन्हाळ्यात उभा राहतो. फरक एवढाच की तिथे कोट्यवधी रुपये, लाखो चाहते आणि पुढचा सगळा मोसम पणाला लागलेला असतो. २०२० मध्ये ही वेळ आपल्या शेजारच्या गोव्यावर आली. सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू गेला आणि सोबत अर्धा संघही गेला. तेव्हा एफसी गोव्याने काय केलं, त्यातलं काय जमलं आणि काय नाही, हे पाहिलं की 'फ्री एजंट'चा सगळा खेळ समजतो.

'फ्री एजंट' म्हणजे नेमकं काय?

करारात असलेला खेळाडू दुसऱ्या क्लबला हवा असेल, तर त्याच्या सध्याच्या क्लबला पैसे मोजावे लागतात. ही ट्रान्स्फर फी. करार संपला की मात्र खेळाडू मोकळा होतो. तो कुठल्याही क्लबमध्ये जाऊ शकतो आणि जुन्या क्लबच्या हाती काहीच लागत नाही. अशा मोकळ्या खेळाडूला 'फ्री एजंट' म्हणतात.

हा हक्क खेळाडूंना सहज मिळालेला नाही. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन हा काही मोठा स्टार नव्हता. त्याचा करार संपला होता, तरी पैशांचा वाद पुढे करून त्याच्या क्लबने त्याला फ्रान्समधल्या क्लबकडे जाऊ दिलं नाही. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि युरोपात करार संपलेल्या खेळाडूसाठी फी मागण्याची पद्धत मोडीत निघाली.

आता 'फिफा'चा नियम असा आहे की करार संपायला सहा महिने उरले असतील, तर खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी मुकादम टोळी 'बांधून' ठेवतो, तसंच हे. फरक मात्र मोठा आहे. मजूर उचल घेतो आणि अडकतो, तर फुटबॉलपटूचा करार संपला की तो खरोखर मोकळा असतो.

अमेरिकेतल्या एनएफएल किंवा एनबीएसारखा 'फ्री एजन्सी'चा ठरावीक मुहूर्त फुटबॉलमध्ये नसतो. इथे ज्याच्या त्याच्या कराराची तारीख हाच मुहूर्त. ट्रान्स्फर विंडो बंद होण्याआधी करार संपलेल्या खेळाडूची नोंदणी विंडो बंद झाल्यावरही करता येते.

गोव्यातून कोण गेलं?

फेरान कोरोमिनास, म्हणजे सगळ्यांचा 'कोरो'. हा स्पॅनिश स्ट्रायकर २०१७ मध्ये एफसी गोव्यात आला. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) तीन मोसमांत त्याने १८, १६ आणि १४ असे एकूण ४८ गोल केले, तेही ५७ सामन्यांत. पहिल्या दोन्ही मोसमांत 'गोल्डन बूट' त्याचाच होता. २०१९-२० मध्ये गोव्याने साखळीत अव्वल राहून लीग विनर्स शील्ड जिंकलं आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला.

आणि नेमकं तेव्हाच घर रिकामं व्हायला लागलं. करार संपल्यानंतर ३७ वर्षांचा कोरो गेला. मधल्या फळीतला ह्यूगो बूमूस त्या मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. ११ गोल आणि १० असिस्ट अशी त्याची कामगिरी होती. करारात ठरलेली रिलीज क्लॉजची रक्कम मोजून मुंबई सिटीने त्याला नेलं. बचावपटू मुर्तदा फॉल, मधल्या फळीतला अहमद जाहू आणि गोव्याचा घरचा खेळाडू मंदार राव देसाई हेही मुंबईत दाखल झाले. गोव्याने २०२० च्या सुरुवातीला हटवलेले प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा पुढच्या मोसमात मुंबई सिटीच्याच बाकावर दिसले.

जाकीचंद सिंग जमशेदपूरला गेला, मनवीर सिंग कोलकात्याला.

क्लब पहिल्यांदा काय बघतो?

नवा खेळाडू शोधण्याआधी क्लबला चार हिशेब मांडावे लागतात.

* नेमकं काय गेलं? स्ट्रायकर गेला म्हणजे फक्त गोल गेले असं नसतं. तो चेंडू पाठीवर बचावपटू घेऊन धरून ठेवायचा का, बचावफळीच्या मागे धावायचा का, पेनल्टी कोण मारायचं, ड्रेसिंग रूममध्ये कुणाचं ऐकलं जायचं, हे सगळं मोजावं लागतं.
* पैसा किती? फ्री एजंट 'फुकट' नसतो. ट्रान्स्फर फी वाचते, पण खेळाडूला ते माहीत असतं. म्हणून तो जास्त पगार आणि करारावर सही करण्याचा बोनस मागतो, शिवाय एजंटचं मानधन वेगळं. आयएसएलमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादाही आहे.
* जागा आहे का? परदेशी खेळाडूंचा कोटा ठरलेला असतो. २०२०-२१ मध्ये आयएसएल संघाला मैदानावर एका वेळी पाच परदेशी खेळाडू उतरवता येत होते, पुढच्या मोसमापासून चारच.
* प्रशिक्षक कोण? वेगाने चढाई करणाऱ्या संघाचा स्ट्रायकर आणि चेंडू फिरवत राहणाऱ्या संघाचा स्ट्रायकर, दोघांना लागणारे गुण वेगळे.

गोव्याने आधी चौथा प्रश्न सोडवला. स्पेनचे हुआन फेरांडो नवे प्रशिक्षक झाले. लोबेरांसारखंच चेंडू ताब्यात ठेवून खेळायचं, ही क्लबची शैली त्यांनी बदलली नाही. त्यामुळे कुठल्या प्रकारचे खेळाडू हवेत, हे ठरवणं सोपं गेलं.

मग कोरोच्या जागी कोण आलं?

इगोर अंगुलो. वय ३६. बिलबाओचा हा स्ट्रायकर पोलंडच्या गुर्निक झाब्झे क्लबकडून खेळत होता. २०१८-१९ मध्ये २४ गोल करून तो तिथल्या अव्वल लीगमध्ये पहिला आला होता. त्याचा करार संपला आणि गोव्याने त्याला ट्रान्स्फर फी न देता घेतलं.

३७ वर्षांचा गेला आणि ३६ वर्षांचा आणला, म्हणून अनेकांच्या भुवया उंचावल्या. करोनामुळे सगळी लीग गोव्यातच, प्रेक्षकांविना झाली. २२ नोव्हेंबर २०२० रोजी बेंगळुरूविरुद्ध गोवा ०-२ ने मागे होता. अंगुलोने ६६व्या आणि ६९व्या मिनिटाला गोल करून पहिल्याच सामन्यात बरोबरी साधून दिली. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर १४ गोल होते आणि गोल्डन बूटही.

म्हणजे कोरोने शेवटच्या मोसमात केले १४ गोल, अंगुलोनेही केले १४. जागा भरली ना?

आकडा भरला, संघ भरला का?

इथेच खरी गोम आहे. २०१९-२० मध्ये साखळीच्या १८ सामन्यांत गोव्याने ४६ गोल केले होते. २०२०-२१ मध्ये सामने वाढून २० झाले, पण गोल ३१ वर आले. गुण ३९ वरून ३१ झाले आणि संघ चौथा आला. तब्बल १० सामने बरोबरीत सुटले.

स्ट्रायकरचे गोल तेवढेच राहिले, आटले ते बाकीच्यांचे. बूमूसचे ११ गोल आणि १० असिस्ट यांची जागा एकट्याने कुणी घेतली नाही. अल्बेर्तो नोगेरा, होर्हे ओर्तिझ आणि एदू बेदिया यांच्यात ते काम वाटलं गेलं. बचावात इव्हान गोन्झालेस आणि ऑस्ट्रेलियाचा जेम्स डोनाची आले. मंदारच्या डाव्या बाजूला क्लबने घरचाच सेव्हियर गामा उभा केला.

उपांत्य फेरीत समोर मुंबई सिटीच आली. ५ मार्च २०२१ च्या पहिल्या लढतीत २-२ बरोबरी झाली. गोव्याचे गोल केले अंगुलो आणि गामाने, म्हणजे एक बाहेरून आणलेला आणि एक घरात वाढवलेला. मुंबईचे गोल केले बूमूस आणि फॉलने. गोव्याने गमावलेले आणि गोव्याने शोधलेले, दोघंही एकाच स्कोअरकार्डवर! दुसरी लढत ०-० सुटली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबईने ६-५ ने बाजी मारली. त्या मोसमात शील्ड आणि चषक दोन्ही मुंबईकडे गेले.

कोट्याचा फटका कसा बसतो?

एप्रिल २०२१ मध्ये फातोर्डा मैदानावर गोवा आशियाई चॅम्पियन्स लीग खेळला. तिथे परदेशी खेळाडूंचा नियम आणखी कडक होता. तीन कुठलेही परदेशी आणि एक आशियाई देशाचा. चारच नावं द्यायची होती आणि त्यात गोल्डन बूट विजेता अंगुलो नव्हता! क्लबने बचाव आणि मधली फळी भक्कम ठेवणं पसंत केलं. सहापैकी तीन सामने बरोबरीत सोडवून गोव्याने चांगली झुंज दिली, पण सहा सामन्यांत गोल झाले फक्त दोन. एक जागा भरताना दुसरी उघडी पडते, ती अशी.

आणि पुढच्या वर्षी?

फ्री एजंटची दुसरी बाजू गोव्याला लगेच दिसली. जो मोकळा येतो, तो मोकळा जाऊही शकतो. एका मोसमानंतर अंगुलोही मुंबई सिटीत गेला. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे पदार्पणाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, त्याने गोव्याविरुद्ध दोन गोल केले आणि मुंबई ३-० ने जिंकली.

गोव्याने त्याच्या जागी आइराम काब्रेरा हा आणखी एक अनुभवी स्पॅनिश स्ट्रायकर आणला होता. ठोकताळा तोच, पण या वेळी गणित जमलं नाही. पहिले तीनही सामने गोवा हरला. डिसेंबरमध्ये फेरांडो एटीके मोहन बागानकडे गेले आणि संघ नवव्या क्रमांकावर फेकला गेला. याला केवळ काब्रेरा जबाबदार नव्हता. स्ट्रायकर बदलला, पाठोपाठ प्रशिक्षकही बदलला, आणि नव्या माणसाला रुळायला लागणारा वेळ मिळालाच नाही.

जगात काय होतं?

२०२१ मध्ये स्पॅनिश लीगच्या खर्चमर्यादेमुळे बार्सिलोनाला लिओनेल मेस्सीची नोंदणी करता आली नाही. तो ट्रान्स्फर फीशिवाय पॅरिस सेंट-जर्मेनमध्ये (पीएसजी) गेला. २०२४ मध्ये पीएसजीवरच ती वेळ आली. करार संपवून किलियन एम्बापे रियल माद्रिदला गेला. पीएसजीने 'दुसरा एम्बापे' शोधला नाही. काम सगळ्या पुढच्या फळीत वाटून दिलं, उस्मान डेम्बेलेला नवी भूमिका दिली. ३१ मे २०२५ रोजी अंतिम सामन्यात इंटर मिलानला ५-० ने हरवून त्यांनी पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीग जिंकली. एम्बापे असताना ते कधी जमलं नव्हतं.

थोडक्यात : जागा भरण्याचे चार मार्ग

१. तसाच दुसरा आणायचा : कोरोच्या जागी अंगुलो. लवकर परिणाम दिसतो, पण वय जास्त आणि करार छोटा असेल तर वर्षभरात पुन्हा तोच प्रश्न.

२. काम वाटून द्यायचं : बूमूसनंतरचा गोवा, एम्बापेनंतरची पीएसजी. एकाच पद्धतीचे दोन अगदी वेगळे निकाल.

३. घरचा खेळाडू वर आणायचा : मंदारच्या जागी गामा. स्वस्त आणि टिकाऊ, पण त्यासाठी अकादमी आधीपासून असावी लागते.

४. खेळण्याची पद्धतच बदलायची : योग्य माणूस मिळत नसेल तेव्हा. यात प्रशिक्षकाचा कस लागतो.

पुढच्या वेळी 'अमुक स्टारने क्लब सोडला' अशी बातमी मोबाईलवर आली, तर 'त्याच्या जागी कोण?' हे विचारण्याआधी आणखी दोन गोष्टी बघा. त्याला चेंडू देणारा खेळाडू अजून संघात आहे का? आणि नव्या खेळाडूचा करार किती वर्षांचा आहे? २०२० च्या गोव्याला १४ गोल करणारा माणूस सापडला होता. अवघड गेलं ते बूमूसची जागा भरणं आणि सापडलेल्या माणसाला टिकवणं.