तीन जहाजे आणि एक टाचणी

१/ आंब्याच्या खोडातून भुसा गळू लागला की कोकणातील बागायतदार भिरूड ओळखतो. ही अळी एका लांबशिंगी भुंगेऱ्याची. अंगाएवढ्या किंवा त्याहूनही लांब शृंगिका ही या कुळाची ओळख. याच कुळातील दक्षिण अमेरिकेच्या जातींना नावे कशी मिळाली आणि ती नावे कशावर उभी आहेत, याचा हा इतिहास.

२/ मे १८४८. हेन्री बेट्स आणि आल्फ्रेड वॉलेस हे दोन तरुण इंग्रज ॲमेझॉनच्या मुखाजवळील पारा बंदरात उतरले. दोघेही धनिक नव्हते. गोळा केलेले कीटक व पक्षी लंडनमधील दलालामार्फत विकून त्यांना प्रवासाचा खर्च भागवायचा होता.

३/ वॉलेस १८५२ मध्ये परत निघाला. ६ ऑगस्टला भर समुद्रात त्याच्या जहाजाला आग लागली. सोबतचा जवळजवळ सारा संग्रह व टिपणे नष्ट झाली. तो स्वतः दहा दिवस उघड्या होडीत तरंगत राहिला.

४/ बेट्स मात्र अकरा वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यातच राहिला. १८५९ मध्ये निघताना त्याने आपला संग्रह तीन वेगवेगळ्या जहाजांतून पाठवला: एक बुडाले तरी सर्वस्व जाऊ नये. त्याच्याच अंदाजाने त्याने एकूण १४,७१२ जाती गोळा केल्या होत्या आणि त्यांतील सुमारे ८,००० विज्ञानाला नव्या होत्या.

५/ तथापि जंगलात सापडलेला कीटक आपोआप 'नवी जाती' ठरत नाही. १८६१ ते १८६६ या काळात बेट्सने ॲमेझॉनच्या लांबशिंगी भुंगेऱ्यांवर लेखमाला लिहिली. ज्ञात जातींशी तुलना, लॅटिनमधील संक्षिप्त लक्षणे, मग आकार, रंग, लव, शृंगिकांचे वर्णन आणि कीटक कोठे सापडला याची नोंद, असा तो क्रम होता.

६/ शब्द कितीही नेमके असले तरी अपुरे पडतात. शंभर वर्षांनी तशीच दिसणारी दुसरी जाती सापडली, तर ते जुने नाव कोणाचे? निवाडा मूळ नमुना पाहूनच होतो. म्हणून आज नवी जाती जाहीर करताना एक नमुना निवडून ते नाव त्याला कायमचे जोडतात. त्याला होलोटाइप म्हणतात. टाचणीवरचा एक कीटक, खाली एक चिठ्ठी.

७/ बेट्सचे लांबशिंगी भुंगेरे पुढे ओबेर्त्युर या फ्रेंच संगाहकाकडे आणि तेथून पॅरिसच्या संग्रहालयात गेले. अरण्य ब्राझीलमध्ये, पुरावा युरोपात. ब्राझीलच्या अभ्यासकाला आपल्याच देशातील कीटकाची खात्री करण्यासाठी महासागर ओलांडावा लागे.

८/ विसाव्या शतकात साओ पाउलो आणि रिओ येथे मोठे संग्रह उभे राहिले व ब्राझीलचे अभ्यासक स्वतः शेकडो जातींचे वर्णन करू लागले. परदेशी संशोधकांनी गोळा केलेले होलोटाइप देशातच ठेवावेत, असा नियम १९९० मध्ये झाला. ही मागणी न्याय्यच होती.

९/ २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओचे दोनशे वर्षे जुने राष्ट्रीय संग्रहालय जळाले. लाखो कीटकांचा संग्रह भस्मसात झाला. त्यात लांबशिंगी भुंगेऱ्यांचे होलोटाइपही होते.

१०/ होलोटाइप जळाला म्हणून नाव रद्द होत नाही. गरज पडल्यास नवा नमुना निवडता येतो. पण तो शक्यतो मूळ जागेच्या जवळचा असावा लागतो. तिथले अरण्यच तोडले गेले असेल, तर तो आणायचा कोठून?

११/ होलोटाइप एकच असतो. त्याची तीन जहाजांत वाटणी होत नाही. त्याच्या सोबतचे इतर नमुने मात्र निरनिराळ्या संग्रहालयांत ठेवता येतात आणि आज अनेक अभ्यासक तसेच करतात. वॉलेसच्या आगीने बेट्सला शिकवलेला धडा रिओच्या आगीने पुन्हा शिकवला. पुरावा मायदेशी हवा, हे खरे. पण त्याला छप्पर, पाणी आणि पैसा पुरवणारे सरकारही हवे.