जुन्या मोटारींचा लोभ

कांहीं वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. त्याचे वडील मुंबईंत टॅक्सी चालवीत असत. ते वारले होते, आणि त्यांच्या टॅक्सीचें कायद्यानें ठरविलेलें वय भरत आलें होतें. गाडी मोडींत देण्यावांचून त्याच्यापुढें दुसरा मार्ग नव्हता. थोडा वेळ इकडचें तिकडचें बोलून तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीं आम्हांला शिवनेरीवर नेलें होतें. तेथल्या भिंतीवर एकानें नांव कोरूं पाहिलें, तेव्हां तुम्ही केवढे रागावलां होतां! दगड गेला तर इतिहास जातो, असें म्हणाला होतां. मग आमच्या बाबांची गाडी गेली, तर काय जातें?"

त्या संध्याकाळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शाळामास्तर. राजांच्या गाद्या आणि लढायांच्या सनावळ्या मी जन्मभर शिकविल्या. मोटारगाडीचा इतिहास कोणीं मला शिकविला नाहीं, मींहि कोणाला शिकविला नाहीं. परंतु तो प्रश्न मनांतून गेला नाहीं. तेव्हां श्रोतेहो, आजचें हें भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरानें दिलेलें उत्तर आहे, असें समजा.

ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. हिची कथा सोलापूरच्या एका माणसापासून सुरू होते. वालचंद हिराचंद ह्यांचा जन्म १८८२ सालचा. जहाजें, विमानें आणि मोटारी ह्या तिन्ही गोष्टी ह्याच देशांत तयार झाल्या पाहिजेत, ह्या ध्यासानें त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. १९१९ सालीं त्यांनीं सिंदिया ही जहाजांची कंपनी सहकाऱ्यांसह उभी केली. १९४० सालीं बंगळूरला विमानांच्या कारखान्याचा पाया घातला. आणि १९४४ सालीं मुंबईंत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली. तिचा कारखाना कुर्ल्यास होता. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार होऊन १९४७ सालीं, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षीं, तेथून गाड्या बाहेर पडूं लागल्या.

मुंबईला मोटारी जुळविण्याचें काम नवें नव्हतें. जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीनें तें १९२८ पासून चालविलें होतें. परंतु जुळविणें वेगळें आणि घडविणें वेगळें. सुटे भाग पेट्यांत भरून परदेशांतून आणावयाचे आणि येथें त्यांचे खिळेपेंच आवळावयाचे, ह्याला कोणी मोटार बनविणें म्हणणार नाहीं. स्वातंत्र्यानंतर सरकारनें धोरण ठरविलें, कीं ज्यांना येथें सुटे भागहि घडवावयाचे असतील त्यांनींच राहावें. त्या धोरणानें जनरल मोटर्सनें १९५४ च्या सुमारास येथील काम गुंडाळलें. प्रीमियरनें इटलीच्या फियाट कंपनीशीं हातमिळवणी केली आणि ती टिकली.

ह्या फियाटची अकराशें नंबरची गाडी आपल्याकडे आली ती ह्याच काळांत. तिचें तोंड गोलसर व पुढें आलेलें होतें आणि पुढचे दरवाजे उलट्या बाजूनें उघडत. महाराष्ट्रानें तिचें नांव ठेविलें 'डुक्कर फियाट'. हें नांव तिरस्कारानें दिलेलें नाहीं. घरांतल्या गुटगुटीत मुलाला जसें आपण कांहीं तरी नांव ठेवतों, तशांतलाच तो प्रकार. १९६४ च्या सुमारास तिचें रूप बदललें आणि आज आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते ती चौकोनी, सरळ अंगाची गाडी आली.

त्याच सुमाराची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांनीं घरच्यांच्या आग्रहावरून फियाट घ्यावयाचें ठरविलें. किंमत सुमारें १२,००० रुपये, आणि जवळ होते सुमारें ७,०००. उरलेले ५,००० रुपये त्यांनीं बँकेकडून कर्जाऊ घेतले. १९६६ च्या जानेवारींत ताश्कंदला त्यांचें निधन झालें, तेव्हां कर्ज फिटावयाचें होतें. तें ललितादेवींनीं आपल्या निवृत्तिवेतनांतून फेडलें. ती गाडी आज दिल्लींत त्यांच्या स्मारकांत ठेवलेली आहे. देशाच्या पंतप्रधानालाहि मोटार ही कर्ज काढून घेण्याची वस्तु होती, हें त्या गाडीकडे पाहिल्यावर जितकें कळतें तितकें पाठ्यपुस्तकाचें एक प्रकरण वाचून कळत नाहीं.

पुढें फियाटशीं असलेला करार संपला आणि १९७४ पासून गाडीचें नांव पद्मिनी झालें. पद्मिनी ही चितोडची राणी. पुण्याजवळ आकुर्डीस १९७२ पासून निघूं लागलेल्या स्कूटरचें नांव चेतक. तो राणा प्रतापाचा घोडा. परदेशी जन्माच्या ह्या दोन यंत्रांना नांवें देतांना आपल्याला मेवाड आठवला, ही गोष्ट इतिहासाच्या मास्तराला तरी गमतीची वाटते. परंतु लोकांनीं नवें नांव सहजासहजीं मनावर घेतलें नाहीं. चाळींतल्या आजीबाईंच्या दृष्टीनें ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली, आणि टॅक्सी झाली तेव्हां ती नुसती 'काळी-पिवळी' झाली.

ही गाडी टॅक्सीला कां मानवली, ह्याचीं कारणें साधीं आहेत. अंग लहान, गिरगांव-भुलेश्वरच्या गल्ल्यांतून ती सहज वळे. गिअरची दांडी सुकाणूच्या चाकापाशीं असल्यानें पुढची बैठक सलग राही आणि तेथें एक जास्त माणूस बसूं शके. सामान टपावर जाई. डाव्या अंगाला बाहेर मीटर असे. त्याचा झेंडा खालीं पाडला कीं खट्ट असा आवाज होऊन प्रवास सुरू होई. इंजिन १,०८९ घनसेंटीमीटरचें, चार सिलिंडरांचें. त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. झांकण उघडलें कीं सगळा कारभार डोळ्यांपुढें. पाना, पकड आणि पेंचकस जवळ असलेला हुशार मेकॅनिक रस्त्याच्या कडेलाच ती दुरुस्त करी.

आतां मोटारींचा लोभ सोडून खरें बोलावयाचें तर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या नमुन्याची ही गाडी, तो अकराशें नंबर इटलींत १९६९ सालींच बंद झाला. आपल्याकडे तो विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिला. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर ही तिचीच थोरली बहीण. विलायतेंतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या नमुन्यावरून ती १९५० नंतरच्या दशकांत बेतली गेली आणि थेट २०१४ पर्यंत निघाली. हें दीर्घायुष्य केवळ गुणांमुळें लाभलें काय? नाहीं. परकीय चलन दुर्मिळ होतें, आयात जवळजवळ बंद होती, कारखान्यांना परवान्याशिवाय हातपाय पसरतां येत नव्हते. १९६९ सालीं तर सरकारनें मोटारींच्या किंमतीहि ठरवून दिल्या आणि तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. गिऱ्हाइकानें पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी, आणि मिळेल ती गाडी प्रसाद म्हणून घ्यावी, असे ते दिवस. १९८३ सालीं मारुति आली आणि ही एकछत्री सत्ता ओसरूं लागली. स्पर्धा नव्हती म्हणून त्या गाड्या टिकल्या, हें म्हणणें कडू असलें तरी खोटें नाहीं.

मग प्रश्न असा येतो, कीं पर्याय नव्हता म्हणून घेतलेल्या वस्तूवर माणसें इतका जीव कां लावतात? पर्याय आल्यावर त्यांनीं तिला विसरून जावयास हवें होतें. तसें झालें नाहीं. ह्याचा उलगडा करण्यासाठीं दोन फटफट्यांचीं उदाहरणें घेतों.

म्हैसूरला १९६१ पासून जावा मोटारसायकली निघूं लागल्या. मूळ कंपनी चेकोस्लोव्हाकियांतली. कारखाना काढणारे इराणी घराण्यांतले, आणि आश्रय म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार ह्यांचा. १९७३ पासून त्या गाडीचें नांव येझदी झालें. तें इराणांतील यझ्द ह्या गांवावरून आलें. ह्या गाडीची किक मारण्याची दांडी आणि गिअरची दांडी एकच. किक मारून झाली कीं तीच दांडी फिरवून पुढें घ्यावयाची आणि तिनेंच गिअर टाकावयाचा. ज्याला हें ठाऊक नाहीं, तो गाडीपाशीं नुसता घुटमळत राहणार. १९९६ सालीं कारखाना बंद पडला. पण जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं ठिकठिकाणचे जावा-येझदीवाले अजून एकत्र जमतात, आणि त्यांत कारखाना बंद पडल्यानंतर जन्मलेले तरुणहि असतात. २०१८ सालीं त्या नांवाची नवी गाडी बाजारांत आली, ती ह्याच लोभाच्या आधारावर.

दुसरी बुलेट. रॉयल एनफिल्ड ही कंपनी इंग्लंडांतली. आपल्या सैन्याला सरहद्दीवरच्या गस्तीसाठीं दणकट मोटारसायकल हवी होती. त्या मागणीतून १९५५ सालीं मद्रासला तिची शाखा निघाली. पुढें १९७० च्या सुमारास इंग्लंडांतील मूळ कारखान्याचें काम थांबलें, मद्रासचें मात्र चालूच राहिलें. आणि १९७७ सालीं मद्रासच्या बुलेट इंग्लंडांत विकावयास गेल्या. ज्या गुरूकडून विद्या घेतली त्याच्याच घरीं शिष्यानें ती परत नेऊन दिली, असा हा प्रकार.

ह्या सर्वांत मला एक समान धागा दिसतो. एकच वस्तु पुष्कळ वर्षें न बदलतां राहिली, म्हणजे तिच्याभोवतीं एक ज्ञान साचतें. बाप जी गाडी चालवी तीच मुलगा चालवितो. उस्तादाच्या हाताखालीं जो पोरगा पाने पुसतो तोच पुढें उस्ताद होतो. कोठला भाग कोठें मिळेल, कोणता आवाज आला म्हणजे काय बिघडलें, थंडींत तिला कशी गोंजारावयाची, हें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांत नसतें. तें हातांत आणि कानांत असतें. नवी गाडी बिघडली तर आपण तिला कारखान्यांत पोंचवितों आणि बिल भरतों. ती आपली असूनहि परकी राहते. ह्या जुन्या गाड्यांनीं मालकाकडून कष्ट घेतले, आणि ज्याच्यासाठीं आपण कष्ट केले त्याचाच लोभ आपल्याला लागतो. आईला आजारी मुलाचा अधिक ओढा असतो, ह्यांत नवल तें काय?

मात्र एका गोष्टीचें मला वाईट वाटतें. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस गाड्या पुसून-पासून ठेवल्या जातात, त्यांच्या मिरवणुकी निघतात, लोक दुतर्फा उभे राहून पाहतात. ह्याला माझी ना नाहीं. पण मुंबई शहरानें ज्या गाडींतून प्रसूतीच्या बायका इस्पितळांत नेल्या, वऱ्हाडें नेलीं, बोटीवरून आणि आगगाडीवरून उतरलेलीं माणसें घरीं पोंचविलीं, ती भंगारांत गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती ताडदेवच्या परिवहन कचेरींत, २९ ऑक्टोबर २००३ रोजीं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाहीं. निदान एक तरी गाडी संग्रहालयांत ठेवावी, अशी मागणी टॅक्सीवाल्यांनींच केली. ती मागणी करण्याची पाळी त्यांच्यावर यावी, ह्यांतच आपल्या इतिहासदृष्टीचा दोष आहे. राजाचें सिंहासन आपण जपतों, आणि सुताराचा रंधा चुलींत घालतों.

जुन्या सर्वच गाड्या रस्त्यावर राहाव्यात, असें मी म्हणत नाहीं. त्यांचा धूर आपल्याच नातवंडांच्या छातींत जाणार. वय झालेल्या यंत्रानें निवृत्त व्हावें, हेंच योग्य. मास्तरहि निवृत्त होतात. माझें म्हणणें एवढेंच, कीं निवृत्त करणें वेगळें आणि पुसून टाकणें वेगळें.

तेव्हां बाबा, तुझ्या प्रश्नाचें उत्तर असें आहे. तुझ्या वडिलांची गाडी गेली, त्यांत लोखंड गेलें त्याचें मोठेंसें दुःख नाहीं. तिच्याबरोबर तुझ्या वडिलांचें जें ज्ञान होतें, पहांटे उठून तिला धुण्याची, उदबत्ती लावून पहिलें भाडें घेण्याची जी रीत होती, ती कोठें लिहिली गेली नाहीं, हें दुःख आहे. शिवनेरीचा दगड कोणी घडविला त्याचें नांव आपल्याला ठाऊक नाहीं. तुझ्या वडिलांचें नांव तुला ठाऊक आहे. इतिहासाचें काम एवढ्यापुरतें तरी सोपें झालें आहे.

तो मुलगा गाडी मोडींत दिल्यावर पुन्हां एकदां आला होता. गाडीचा मीटर तेवढा त्यानें ठेवून घेतला होता, तो फडक्यांत गुंडाळून दाखवावयास आणला होता. मीं त्याला एक कोरी वही दिली आणि सांगितलें, वडिलांनीं सांगितलेल्या जेवढ्या गोष्टी आठवतील तेवढ्या ह्यांत लिही. कोणती भाडीं, कोणते रस्ते, कोणता मेकॅनिक, सर्व. श्रोतेहो, आपल्याहि घरांत अशी एखादी स्कूटर, फटफटी किंवा फियाट होऊन गेली असेल, आणि ती चालविणारें माणूस अजून घरांत असेल. आज रात्रीं जेवणें झाल्यावर त्याच्यापाशीं बसा आणि विचारा. वही जवळ असूं द्या.