दूरचित्रवाणी अँटेना

दूरचित्रवाणी अँटेना हे जमिनीवरील प्रक्षेपण केंद्राकडून येणारे रेडिओ तरंग ग्रहण करून त्यांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे साधन आहे. हे संकेत केबलमधून दूरचित्रवाणी संचाला मिळतात. गच्चीवर किंवा कौलांवर नळीला बांधलेला, ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांचा अँटेना हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार होय. उपग्रहाकडून संकेत घेणारी डीटीएच सेवेची तबकडी याहून वेगळी असते. अँटेनाची किंमत किती, यापेक्षा त्याची उंची, दिशा, काड्यांची लांबी आणि केबलची जोडणी यांवर ग्रहणाचा दर्जा अधिक अवलंबून असतो. त्यामुळे पुष्कळदा अल्प खर्चात ग्रहण सुधारता येते.

रचना व कार्य

काड्यांच्या या अँटेनाला यागी-उदा अँटेना म्हणतात. जपानमधील सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठातील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये ही रचना मांडली. तिच्यात तीन प्रकारच्या काड्या असतात. केबल जिला जोडली जाते ती द्विध्रुव काडी प्रत्यक्ष संकेत ग्रहण करते. तिच्या मागची किंचित लांब काडी परावर्तकाचे काम करते, तर पुढच्या किंचित आखूड काड्या, म्हणजे निर्देशक, संकेत द्विध्रुवाकडे वळवतात. परिणामी अँटेनाची ग्रहणशक्ती एका दिशेला एकवटते. आखूड काड्यांची बाजू प्रक्षेपण केंद्राकडे असावी लागते.

द्विध्रुवाची लांबी तरंगलांबीच्या सुमारे निम्मी असते. मीटरमधील ही लांबी काढण्यासाठी १४३ या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागतात. ६५ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २.२ मीटर येते, तर ६०० मेगाहर्ट्झसाठी केवळ २४ सेंटिमीटर. म्हणूनच जुन्या व्हीएचएफ वाहिन्यांसाठी बसवलेला मोठा अँटेना यूएचएफ पट्ट्यातील प्रक्षेपणासाठी बहुधा निरुपयोगी ठरतो.

ग्रहणातील अडथळे

दूरचित्रवाणीचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत प्रवास करतात. पृथ्वीची वक्रता, डोंगर आणि उंच इमारती त्यांना अडवतात. मोकळ्या सपाट प्रदेशात रेडिओ क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर काढण्यासाठी मनोरा व अँटेना यांच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे मिळवून बेरजेला ४.१ ने गुणतात. ३०० मीटर उंचीचा मनोरा आणि १० मीटर उंचीवरील अँटेना यांच्यासाठी हे अंतर सुमारे ८४ किलोमीटर भरते. प्रत्यक्षात मध्ये एखादी टेकडी आली, तर याहून बऱ्याच कमी अंतरावरही ग्रहण बिघडते.

सादृश (ॲनालॉग) प्रक्षेपणात संकेत क्षीण झाल्यास पडद्यावर ‘मुंग्या’ दिसत. इमारतींवरून परावर्तित झालेला संकेत थोडा उशिरा पोहोचल्यास दुहेरी प्रतिमा उमटे. डिजिटल प्रक्षेपणात चित्र असे हळूहळू बिघडत नाही. संकेत पुरेसा असेपर्यंत ते स्वच्छ राहते, पातळी थोडी घटताच चौकोनी तुकडे पडतात आणि मग चित्र नाहीसे होते. त्यामुळे सीमेवरच्या ग्रहणात लहानशा सुधारणेनेही मोठा फरक पडतो.

कमी खर्चाचे उपाय

स्थान व उंची: घरातील अँटेना खिडकीजवळ, शक्यतो केंद्राच्या दिशेच्या बाजूला ठेवल्यास भिंतींमुळे होणारी हानी टळते. सळईयुक्त काँक्रीट, पत्र्याचे छप्पर व लोखंडी कपाट संकेत अडवतात. गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसवलेला अँटेना काही फूट सरकवल्यानेही परिणाम दिसू शकतो.

दिशा: संचाच्या सूचीतील संकेत-तीव्रता व गुणवत्ता यांचे आकडे पाहत अँटेना थोडा थोडा फिरवावा. डिजिटल संचाला संकेत ओळखण्यास वेळ लागतो, म्हणून प्रत्येक हालचालीनंतर काही सेकंद थांबावे. तीव्रतेपेक्षा गुणवत्तेचा आकडा महत्त्वाचा असतो. प्रक्षेपण आडव्या ध्रुवणाचे असल्यास काड्या आडव्या, उभ्या ध्रुवणाचे असल्यास उभ्या ठेवाव्या लागतात.

केबल व जोडण्या: साधारण ३० मीटर आरजी-६ केबलमध्ये यूएचएफ संकेताची शक्ती सुमारे एक-तृतीयांशच उरते. म्हणून केबल शक्य तितकी आखूड असावी. जुनी चपटी वायर ३०० ओहमची, तर समाक्षीय केबल ७५ ओहमची असते. दुमडलेल्या द्विध्रुवाला समाक्षीय केबल जोडताना मध्ये बालून हा लहान रोहित्र वापरतात. सांध्यांवरील गंज घासून काढणे, त्यांना जलरोधक पट्टी गुंडाळणे आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ देऊन पाणी बाहेरच ठिबकू देणे हे उपाय पावसाळी व किनारी प्रदेशांत विशेष आवश्यक ठरतात. एका केबलवरून दोन संच चालवणारा विभाजक प्रत्येकाला निम्म्याहून कमी शक्ती देतो. गरज नसल्यास तो काढून टाकावा.

बूस्टर: बूस्टर संकेताबरोबर त्यात मिसळलेला गोंगाटही वाढवतो. अँटेनापाशीच जो संकेत पुरेसा नाही, तो बूस्टरने स्वच्छ होत नाही. लांब केबलमधील हानी भरून काढण्यासाठी तो उपयोगी असतो आणि त्यासाठी तो संचाजवळ नव्हे, तर अँटेनाजवळ बसवावा लागतो. प्रक्षेपण केंद्र जवळ असल्यास बूस्टरमुळे संकेत अतितीव्र होऊन ग्रहण बिघडू शकते.

घरगुती अँटेना: ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या वाहिनीसाठी प्रत्येकी १२ सेंटिमीटर लांबीच्या तांब्याच्या दोन तारा एका रेषेत, मध्ये किंचित फट ठेवून, लाकडी पट्टीवर बसवतात. एका तारेला समाक्षीय केबलचा गाभा आणि दुसरीला तिची जाळी जोडतात. मागे सुमारे १२ सेंटिमीटरवर धातूची जाळी किंवा ॲल्युमिनियमचा कागद चिकटवलेला पुठ्ठा ठेवल्यास तो परावर्तकाचे काम करतो. ‘एचडी’ किंवा ‘डिजिटल’ असे लिहिलेल्या अँटेनाचे कार्यतत्त्व वेगळे नसते. संकेत डिजिटल आहे की सादृश, हा भेद अँटेना करत नाही. ते काम संचातील ट्यूनरचे असते.

सुरक्षितता

विजेच्या तारांच्या जवळ, ओल्या छपरावर किंवा वादळी हवेत अँटेनाचे काम करणे जीवघेणे ठरू शकते. नळी उभारताना ती आडवी पडली तरी विजेच्या तारेला लागणार नाही इतके अंतर राखावे. उंच नळीला भूसंपर्क देतात. मात्र त्यामुळे विजेच्या थेट आघातापासून पूर्ण संरक्षण मिळत नाही.

भारतातील स्थिती

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुण्यासाठी १९७३ मध्ये सिंहगडावर पुनःक्षेपण केंद्र उभारण्यात आले. उंच ठिकाणावरून प्रक्षेपण दूरवर पोहोचते, याचे ते ठळक उदाहरण आहे. केबल व डीटीएच सेवांच्या प्रसारानंतर छपरांवरील अँटेना कमी होत गेले. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई व औरंगाबादसह (आताचे छत्रपती संभाजीनगर) १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीची डिजिटल भूप्रक्षेपण सेवा सुरू केल्याचे जाहीर केले. पुढे बहुतेक सादृश क्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. त्यामुळे अँटेनावर खर्च करण्यापूर्वी परिसरात कोणते भूप्रक्षेपण चालू आहे आणि संचात त्यासाठीचा ट्यूनर आहे का, हे तपासणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

दूरदर्शन
रेडिओ तरंग
समाक्षीय केबल