‘पालकच उदासीन आहेत’ या आरोपाला इतिहासाचे उत्तर

तिसरी-चौथीतल्या मुलाला साधा परिच्छेद वाचता येत नाही असे दिसले की शाळेकडे एक कारण तयार असते : "आम्ही काय करणार, पालकच उदासीन आहेत." हे वाक्य कोणाविषयी बोलले जाते ते आपल्याला ठाऊक आहे. दलित वस्तीविषयी, बंजारा तांड्याविषयी, पारध्यांच्या पालांविषयी, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांविषयी. बंगल्यातल्या पालकाला कोणी उदासीन म्हणत नाही. त्याची शिकवणी लावायची ऐपत हीच त्याची आस्था समजली जाते.

हा आरोप नवा नाही. म्हणूनच तो इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

सुरुवात जोतीरावांच्या घरापासूनच करू. त्यांचे वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले आणि प्राथमिक शिक्षणानंतर शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले. ते अडाणी होते म्हणून नव्हे. माळ्याच्या पोराला विद्या कशाला, हे त्यांच्या कानावर घालणारे लोक भोवती होते म्हणून. पुढे शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि 1841 मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. एक बाप, त्याला मागे ओढणारे लोक आणि पुढे ढकलणारे दोन शेजारी. त्या दोघांनी गोविंदरावांना दोष दिला असता आणि ते घरी गेले असते, तर आपला इतिहास काय झाला असता?

जोतीराव हा धडा विसरले नाहीत. 1848 मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. नुसती शाळा उघडून मुले येणार नव्हती. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षराचा विटाळ सांगितला गेला, तो एका दिवसात विश्वास कसा ठेवील? तेव्हा लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार हे आपल्याच लोकांमध्ये गेले आणि विद्येने काय साधते ते त्यांना पटवून दिले. वस्तीतला माणूस वस्तीच्या भाषेत बोलला आणि आईबापांनी मुले पाठवली. अशाच एका मांगाच्या घरातली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. उदासीन आईबापांची मुलगी असा निबंध लिहिते काय?

त्याच 1855 साली फुले दांपत्याने शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसा शाळेत बोलावून उपयोग नाही, हे त्यांना कळत होते. शाळेने आपली वेळ कष्टकऱ्याच्या वेळेशी जुळवली. आज पावणेदोनशे वर्षांच्या जवळ येऊन ठेपलो तरी आपल्या पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता भरतात!

1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले ते प्रत्येक शिक्षकाने वाचायला हवे. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी सर्वांना माहीत असते. पण त्याच निवेदनात त्यांनी मुले शाळेत का येत नाहीत याची कारणे मांडली. कुणब्याला गुरे राखायला, शेत पाहायला मूल लागते, कारण घरात दारिद्र्य आहे. त्यावर त्यांनी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे सुचवली. महार-मांगांच्या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून ती बाहेर राहतात, हेही त्यांनी बजावले. शिक्षक शेतकरी वर्गातून निवडा, म्हणजे तो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल. सोवळ्यात अलिप्त राहणारा ब्राह्मण शिक्षक हे करू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पालक आणि शाळा यांच्यातले अंतर शाळेने कमी करायचे असते, हा सिद्धांत जोतीरावांनी तेव्हाच मांडला.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दंडाचे हे उदाहरण आजचे अधिकारी मोठ्या आवडीने देतात. पण महाराजांनी आधी वसतिगृहे उभारली, फी काढून टाकली आणि पुढे 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. आधी स्वतःचे कर्तव्य केले, तेव्हा पालकाला जाब विचारला. आपल्याकडे नेमके उलटे चालते.

आता सुभेदार रामजी बाबांकडे या. लष्करात सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, म्हणून ते शिकले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. पेन्शन तुटपुंजी होती, तरी भिवाला पुस्तक हवे म्हटले की ते लेकींकडे जाऊन पैसे उसने घेत, नाहीतर त्यांचा दागिना गहाण ठेवत. घरात कबीराचे दोहे म्हटले जात, रामायण-महाभारत वाचले जाई. तिकडे साताऱ्याच्या शाळेत हाच मुलगा घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता आणि शिपाई नसला तर तहानलेला राहत होता. उदासीन कोण होते, बाप की शाळा?

म्हणूनच 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी सरकारला धारेवर धरले. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी दाखवून दिले. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आणि 1942 च्या नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या मायबहिणींनाही सांगितले : मुलांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा. ज्यांना अक्षर येत नव्हते त्या आयांवर त्यांनी हा विश्वास टाकला.

माझी आई अशांपैकीच एक. पालकसभेला ती एकदाच आली. रोज बुडवून आली, दाराशी उभी राहिली. सहीऐवजी अंगठा दिला तेव्हा कोणीतरी हसले. ती पुन्हा कधी गेली नाही. शाळेच्या लेखी ती उदासीन पालक. पण किराण्याच्या पुडीचा कागद उलगडून ‘वाच, काय लिहिलंय’ असे ती मला रोज रात्री म्हणायची. माझे पहिले वाचन ते. आईला हे विचारायला शाळा कधी आमच्या घरी आली नाही.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा दिल्या. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी सरपंचाच्या गोतावळ्यातली नावे भरतात आणि आपल्या बायांच्या सह्या घरी येऊन घेतल्या जातात.

शाळेला खरोखर पालक हवे असतील तर वाट जोतीरावांनी घालून दिली आहे. सभा संध्याकाळी घ्या, आणि शाळेत नाही तर बुद्धविहारात, तांड्यावर घ्या. निरक्षर आईला ओव्या येतात, गोष्टी येतात. त्या मुलाकडून लिहून घ्या, वर्गात वाचा. गोष्टीचे पुस्तक घरी जाऊ द्या, फाटले तर फाटू द्या. ऊसतोडीला निघालेल्या मुलाच्या नावावर गैरहजेरीचे शेरे मारण्याऐवजी त्याच्या राहण्याची सोय गावातच करा. आणि आईबापाने अंगठा दिला तर हसू नका.

आणि आपणही एक करू. समितीच्या पुढच्या सभेची तारीख विचारू, एकटे न जाता पाच-दहा जण जाऊ आणि एकच प्रश्न विचारू : आमचे मूल वाचायला कधी लागणार?

जय जोती, जय भीम!