दुधाच्या कॅनमधलं न गोठलेलं रक्त

माझ्या आत्याच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. लहानपणी ऱ्हुमॅटिक तापाने तिची माइट्रल झडप खराब झाली, ती चाळिशीत बदलावी लागली. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक गोळी. घरात तिचं नाव 'रक्त पातळ करायची गोळी'. दोन पावसाळ्यांपूर्वी आत्याचं पोट बिघडलं. तिने मेडिकलमधून जुलाबाच्या गोळ्या आणल्या आणि पाच दिवस घेतल्या. सहाव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ते थांबेचना.

तिने आधी मला फोन केला. मी तेव्हा लॅबमध्ये होते. माझी पीएचडी रक्त गोठवणाऱ्या आणि गुठळी विरघळवणाऱ्या प्रथिनांवर आहे, म्हणजे घरात या विषयातली 'तज्ज्ञ' मीच. मी विचारलं, "ब्रश नवीन घेतलास का?" मग तिने, नशिबाने, जिथे झडप बदलली त्या वॉर्डातल्या सिस्टरना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काकू, या आठवड्यात दुसरी कुठली गोळी सुरू केली का?"

जुलाबाच्या गोळीत मेट्रोनिडाझोल होतं. आत्याच्या रोजच्या गोळीचा निचरा यकृतातलं जे एन्झाइम करतं, त्यालाच ते अडवतं. डोस तोच, पण औषध शरीरात साचत गेलं. त्या दिवशी तिचा आयएनआर ७च्या पुढे होता. असायला हवा होता २.५ ते ३.५.

हे एन्झाइम मला तोंडपाठ होतं. प्रश्न मात्र सुचला नाही. सिस्टरना तो कसा सुचला, याचा मी बराच काळ विचार करत होते. म्हणून आज माझ्या प्रयोगांबद्दल न लिहिता या औषधांच्या इतिहासाबद्दल लिहिते.

आधी एक गोष्ट. या गोळ्या रक्त 'पातळ' वगैरे काही करत नाहीत. आत्याचं रक्त तुमच्या-माझ्याइतकंच दाट आहे. गोठण्यासाठी यकृत जी प्रथिनं बनवतं, त्यांतली काही तिच्याकडे अर्धवट बनतात, त्यामुळे गुठळी व्हायला वेळ लागतो. एवढंच. पण 'पातळ' हा शब्द आता घराघरांत इतका रुजलाय की मीही तिच्याशी बोलताना तोच वापरते.

गोष्ट सुरू होते गोठ्यात. १९२०च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची गुरं अचानक मरायला लागली. शिंगं कापली, खच्चीकरण केलं की रक्त थांबायचंच नाही. काही जनावरं तर जखम नसतानाही आतल्या आत रक्तस्राव होऊन मरायची. फ्रँक स्कोफील्ड या कॅनडातल्या पशुवैद्याच्या लक्षात आलं की ही गुरं बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर खात होती. हे तिथलं चाऱ्याचं पीक. त्याने एका सशाला चांगल्या काड्या घातल्या, दुसऱ्याला त्याच गंजीतल्या बुरसलेल्या. दुसरा ससा रक्तस्रावाने मेला. प्रयोग इतका साधा, की आज मी असा प्रस्ताव दिला तर गाइड हसतील. उत्तर मात्र चोख मिळालं: बुरसलेला चारा घालू नका.

पण मंदीचे दिवस होते. ज्याच्याकडे दुसरा चाराच नाही, त्याने काय करायचं? फेब्रुवारी १९३३मधल्या एका शनिवारी विस्कॉन्सिनचा एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून जवळजवळ ३०० किलोमीटर ट्रक हाकत मॅडिसनला आला. ट्रकमध्ये एक मेलेली कालवड, सुमारे ४५ किलो खराब चारा आणि दुधाचा एक कॅन. कॅनमध्ये रक्त होतं, न गोठलेलं. त्याला सरकारी पशुवैद्याकडे जायचं होतं, पण ते कार्यालय बंद. म्हणून तो जे दार उघडं दिसलं तिथे शिरला, आणि ती निघाली कार्ल पॉल लिंक या बायोकेमिस्टची प्रयोगशाळा.

लिंककडे त्या दिवशी द्यायला काहीच नव्हतं. चारा बदला, शक्य असेल तर चांगल्या जनावराचं रक्त द्या, हे दोन सल्ले कार्लसनला आधीच माहीत असणार. तो तसाच परत गेला. या सगळ्या इतिहासातला मला सगळ्यात जास्त टोचणारा क्षण हाच. पुढे लाखो माणसं ज्यामुळे वाचली ते संशोधन त्या कॅनमधून निघालं. कार्लसनच्या उरलेल्या गुरांना त्याचा काय उपयोग?

चाऱ्यातला तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा करायला लिंकच्या गटाला सहा वर्षं लागली. १९३९च्या जूनमध्ये त्याचे स्फटिक हातात आले. पुढे त्याला डायकुमारोल नाव मिळालं. ताज्या कापलेल्या गवताला जो गोडसर वास येतो तो कुमारिनचा. बुरशी त्याच कुमारिनपासून हे विष तयार करते. मग लिंकने त्याचीच जास्त जहाल भावंडं बनवली. त्यातलं एक १९४८ साली उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं. संशोधनाला पैसा देणाऱ्या विस्कॉन्सिन ॲल्युम्नाय रिसर्च फाउंडेशनची आद्याक्षरं घेऊन त्याचं नाव ठेवलं वॉरफरिन.

उंदराचं औषध माणसाला द्यायला कोण धजावणार? पण १९५१मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येसाठी हेच औषध खाल्लं. रुग्णालयात त्याला व्हिटॅमिन के दिलं आणि तो पूर्ण बरा झाला. म्हणजे विषावर उतारा होता, आणि ज्या विषाचा उतारा हाताशी आहे ते औषध म्हणून वापरता येतं. १९५४मध्ये वॉरफरिनला माणसांसाठी मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवरना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिलं गेलं. गंमत म्हणजे ते नेमकं कसं काम करतं हे १९७०च्या दशकापर्यंत नीट कळलेलंही नव्हतं. शरीर एकदा वापरलेलं व्हिटॅमिन के पुन्हा वापरण्याजोगं करून घेतं. वॉरफरिन त्यातच खोडा घालतं.

आता खरी अडचण. रक्तात आधीच तयार असलेली गोठवणारी प्रथिनं हे औषध काढून टाकत नाही, फक्त नवीन नीट बनू देत नाही. जुनी संपायला वेळ लागतो. एक प्रथिन सहा तासांत निम्मं होतं, तर प्रोथ्रॉम्बिनला अडीच दिवस लागतात. म्हणजे आज दिलेल्या गोळीचा पूर्ण परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसणार. त्यात प्रत्येकाचा डोस वेगळा. खाणं, ताप, दुसऱ्या गोळ्या, सगळ्याने तो हलणार. योग्य मात्रा आणि रक्तस्राव यांच्यात जेमतेम बोटभर अंतर. हे प्रयोगशाळेत बसून सोडवता येत नाही. कुणीतरी माणसाकडे बघत राहावं लागतं.

आणि बघायचं तर मोजायचं कशाने? आर्मंड क्विकने १९३५मध्ये प्रोथ्रॉम्बिन टाइमची चाचणी काढली. रक्तद्रवात थ्रोम्बोप्लास्टिन टाकायचं आणि गोठायला किती सेकंद लागतात ते बघायचं. पण ते थ्रोम्बोप्लास्टिन कुठून आणलं, यावर आकडा बदलायचा. अमेरिकेत वापरात असलेलं, सशाच्या मेंदूपासून केलेलं मंद होतं, तर ब्रिटनमधलं जास्त संवेदनशील. परिणाम असा की त्याच आकड्यावर पोचायला अमेरिकेतले डॉक्टर जास्त गोळ्या देत राहिले आणि तिथल्या रुग्णांना रक्तस्रावही जास्त होत राहिला. चूक कुणाचीच नाही, फक्त मोजपट्टी निराळी. १९८३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर आणला तेव्हा कुठे एका गावातला रिपोर्ट दुसऱ्या गावात वाचता यायला लागला. आत्याच्या वहीतला आकडा म्हणजे हाच.

हेपरिनची गोष्ट याच्या उलट. ते शिरेतून दिलं की मिनिटांत काम करतं आणि तास-दीड तासात निम्मं होतं. १९१६ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून त्याला मिळाला तो गोठू न देणारा. त्याने प्राध्यापक हॉवेलांच्या टेबलावर मांजराच्या रक्ताचं भांडं ठेवलं आणि सांगितलं, हे गोठलं की मला हाक मारा. ते गोठलंच नाही. (हे त्याने स्वतः म्हातारपणी सांगितलेलं. श्रेय कुणाचं यावरून बराच वाद झाला, आणि कुठल्याही पीएचडीवाल्याला त्यात कुणाची बाजू घ्यावीशी वाटेल हे सांगायला नको!) माणसाला देण्याइतकं शुद्ध हेपरिन टोरांटोमध्ये चार्ल्स बेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकात बनवलं.

हेपरिनची ड्रिप म्हणजे सतत राखण. पूर्वी ५००० युनिट एकदम आणि मग तासाला १०००, असा सरसकट हिशोब असायचा. १९९३मध्ये रॉबर्ट रॅश्के आणि सहकाऱ्यांनी वजनाप्रमाणे डोस ठरवणारा तक्ता तपासून पाहिला: किलोमागे ८० युनिट एकदम, मग तासाला १८. चोवीस तासांत हव्या त्या पातळीच्या वर पोचलेले रुग्ण जुन्या पद्धतीत ७७ टक्के, तक्त्याने ९७ टक्के. असे तक्ते वॉर्डात आले आणि बऱ्याच रुग्णालयांत दर सहा तासांनी रिपोर्ट बघून ड्रिपचा वेग कमी-जास्त करायचं काम सिस्टरांच्या हातात आलं. डॉक्टर राउंडला येईपर्यंत थांबायची गरज उरली नाही. माझ्या मते या विषयातली ही खरी क्रांती, पण तिच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

त्या हातांवर काय भार असतो ते २००६च्या सप्टेंबरमध्ये इंडियानापोलिसमध्ये दिसलं. नवजात बाळांची सुई गुठळीने बंद पडू नये म्हणून मिलिलिटरला १० युनिटचं हेपरिन वापरतात. औषधांच्या खणात चुकून १०,००० युनिटच्या कुप्या भरल्या गेल्या. दोन्ही कुप्या सारख्याच आकाराच्या, दोन्हींची लेबलं निळ्या छटांची. त्या खणात नेहमी बाळांचीच कुपी असते, म्हणून सवयीने हात गेला. सहा बाळांना हजारपट डोस गेला, त्यांतली तीन दगावली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अभिनेता डेनिस क्वेडच्या जुळ्यांच्या बाबतीत तेच झालं. ती दोघं वाचली. मग लेबलं बदलली. आता कित्येक ठिकाणी हेपरिन देण्याआधी दोन सिस्टर वेगवेगळं तपासून सही करतात. बाहेरून बघणाऱ्याला ती कागदी कटकट वाटते. मलाही वाटायची.

राहिलं तिसरं औषध, ज्यावर मी स्वतः काम करते. आधीची दोन नवीन गुठळी होऊ देत नाहीत. हे झालेली गुठळी विरघळवतं. १९३३मध्ये विल्यम टिलेटच्या लक्षात आलं की घसा बसवणारे स्ट्रेप्टोकोकस जिवाणू फायब्रिनची गुठळी विरघळवतात. त्यातून पुढे स्ट्रेप्टोकायनेज आलं. हृदयविकारात ते खरंच जीव वाचवतं का, हे ठरायला १९८६ची इटलीतली गिसी चाचणी आणि १९८८ची आयसिस-२ यावी लागली. आयसिस-२मध्ये १७,१८७ रुग्ण होते. काहीच न मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने १३.२ टक्के गेले, स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. जिथे कॅथलॅब जवळ नाही तिथे हे औषध आजही उपयोगी पडतं.

पण ते वाईट गुठळी आणि चांगली गुठळी यात फरक करत नाही. तुमच्या दंडावरच्या सुईच्या भोकावरची गुठळीही त्याला तेवढीच प्रिय. म्हणून १५ लाख युनिटची ड्रिप लावण्याआधी लागतील त्या सगळ्या सुया लावून घ्यायच्या. नंतर टोचणं शक्यतो नाही, स्नायूत इंजेक्शन तर नाहीच. त्या एका तासात रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. रक्तवाहिनी उघडताच ठोके वेडेवाकडे पडू शकतात. रुग्ण म्हणाला की डोकं दुखतंय, तर ते ऐकून घेणारं कुणी शेजारी असावं लागतं, कारण मेंदूतला रक्तस्राव असाच सुरू होतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध दिल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, मग सहा तास दर अर्ध्या तासाने, मग चोवीस तास होईपर्यंत दर तासाला बघायचं: हात उचलता येतो का, बोलणं नीट आहे का, बाहुल्या सारख्या आहेत का. हिशोब करा, एका रुग्णामागे तीसहून जास्त नोंदी.

हे करू शकणाऱ्या परिचारिका औषधाच्या आधी तयार झाल्या होत्या हे मला वाचताना कळलं. १९६२मध्ये फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी हृदयरुग्णांचा वेगळा कक्ष सुरू केला. तिथे ईसीजी वाचायचा आणि वेळ आली तर शॉक द्यायचा अधिकार सिस्टरांना दिला. त्या काळी ही कामं फक्त डॉक्टरांची मानली जात. १९६५मध्ये त्यांचं परिचारिकांसाठीचं पुस्तकही आलं. दोन दशकांनी स्ट्रेप्टोकायनेजच्या मोठ्या चाचण्या झाल्या, तेव्हा बिछान्याशेजारी बघणारं माणूस आधीच उभं होतं.

परवा आत्याबरोबर तपासणीला गेले होते. सिस्टरनी तिची वही उघडली. आकडा ठीक होता, तरी त्यांनी हाताची पाठ पाहिली, कुठे निळं पडलंय का, शौचाचा रंग विचारला, आणि मग, "पालेभाजी किती खाता?" आत्या अभिमानाने म्हणाली, "घाबरून बंदच केली." त्या घटनेनंतर दोन वर्षं तिने मेथी-पालक, अळू, शेपू, सगळं सोडलं होतं. पाल्यात व्हिटॅमिन के असतं हे तिने मोबाइलवर कुठेतरी वाचलेलं. घरातल्या तज्ज्ञाने तिला तेही कधी विचारलं नव्हतं.

"बंद नका करू काकू," सिस्टर म्हणाल्या, "फक्त ठरवून खा. एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्यात अजिबात नाही, असं नको. सुरू केलीत की पंधरा दिवसांनी रक्त तपासून घ्या, गोळी थोडी बदलावी लागेल. आणि मेडिकलमधून गोळी आणण्याआधी मला फोन करा."

आत्याने अळूची भाजी पुन्हा सुरू केली आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी, एक वाटी. वहीत तसं लिहून ठेवलंय.